जुन्या व्हॅनचे पुढचे शॉकप आणि एक सोयीचा गैरसमज

‘गाडी बारा वर्षांची झाली. आता पुढच्या शॉकपवर कशाला पैसे घालता? दणके बसतात एवढंच ना, बसू द्या.’ देऊळगाव राजा, चिखली, सिंदखेड राजा या पट्ट्यात जुनी ओम्नी किंवा इको बाळगणाऱ्याला हा सल्ला कुणाकडे मागावा लागत नाही. तो शेजारी देतो, मेव्हणा देतो, कधी गॅरेजवाला देतो आणि बऱ्याचदा गाडीवाला स्वतःच स्वतःला देतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. घरचे चार पैसे वाचावेत, एवढंच त्याच्या मनात असतं. तरीही हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. एमएच २८ची पाटी लावलेल्या या व्हॅनमधून शाळेची पोरं जातात, बाळंतपणाला लेक जालन्याच्या दवाखान्यात जाते, आश्विनात बालाजीच्या यात्रेला पाहुणे येतात, घरातली म्हातारी माणसं शेगावच्या दर्शनाला जातात. सात जणांच्या गाडीत नऊ जण बसलेले असतात आणि त्यातला एकही जण बसण्यापूर्वी पुढच्या चाकाकडे वाकून पाहत नाही. त्या सगळ्यांच्या वतीनं या सल्ल्याचा प्रतिवाद करायला हवा.

गैरसमजाचं मूळ शब्दात आहे. मोटारसायकलच्या मागे असतो तोही शॉकप, जुन्या जीपच्या पाट्याशेजारी असतो तोही शॉकप आणि इकोच्या पुढच्या चाकावर असतो तोही शॉकपच. नाव एक असल्यामुळे काम एक वाटतं. ओम्नीच्या मागच्या बाजूला पाहावं. तिथं ॲक्सल पाट्यांवर बसलेला आहे आणि शॉकप वेगळा आहे. तो काढून हातात घेतला तरी ॲक्सल आणि चाक जागच्या जागी राहतात. त्याच गाडीचा पुढचा शॉकप सोडवला, तर चाक बाहेरच्या बाजूला कलंडतं. त्याला खाली लोअर आर्म धरतो, बाजूनं स्टिअरिंगचा टाय रॉड धरतो आणि वरून धरणारा हा एकच खांब असतो. म्हणून त्याला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये एका स्वस्त, छोट्या गाडीचं काम करताना ही मांडणी आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डकडे गेले आणि १९५०च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांवर त्यांचा स्ट्रट रस्त्यावर आला. आपल्याकडे १९८३ची मारुती ८०० आणि १९८४ची मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ओम्नी, यांनी तो घराघरात नेला. २०१० साली आलेल्या इकोच्या पुढच्या चाकांवरही तोच आहे. ही मांडणी स्वस्त पडते आणि जागा कमी घेते, कारण एकच नळी तीन कामं करते. स्प्रिंगचा भार ती पेलते, चाकाची वरखाली उसळी आवरते आणि चाक किती उभं, किती तिरपं राहील हेही तीच ठरवते. स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट वरच्या बेअरिंगवर फिरतो. एका भागावर तीन कामं टाकून मिळवलेल्या स्वस्ताईचा अर्थ असा, की तो भाग गेला की तिन्ही कामं बिघडतात. त्यातलं फक्त एक, बसणाऱ्याला लागणारा दणका, आपल्या पाठीला कळतं. उरलेली दोन टायरला कळतात आणि ब्रेक मारल्यावर कळतात.

‘स्प्रिंग तर चांगली आहे ना?’ असं इथं कुणी म्हणेल. स्प्रिंग दणका साठवते. तो संपवणं तिच्या हातात नसतं. दाबलेली स्प्रिंग साठवलेलं सगळं परत फेकते. ते फेकलेलं बळ स्ट्रटमधलं तेल बारीक झडपांतून ढकललं जाताना उष्णतेत जिरतं. तेल गळून गेलं किंवा झडपा झिजल्या की ते जिरवणारं कुणी उरत नाही. मग दोन प्रकारची हालचाल सुरू होते. गाडीचं धूड सेकंदाला एक-दोन वेळा डुलतं. हे डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक त्यालाच शॉकप गेल्याची खूण मानतात. त्याहून घातक हालचाल चाकाची असते. चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं. सेकंदाला बारा धरले, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला दर सुमारे १.४ मीटरमागे चाकाची एक उडी होते. चाक हवेत पूर्ण उचललं जात नसेलही, पण त्याचा रस्त्यावरचा दाब सतत कमीजास्त होत राहतो आणि दाब कमी झाला त्या क्षणी ब्रेक मारला तर टायर लवकर लॉक होऊन घसरतो. नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक व्हॅनमध्ये ते नाही, ओम्नीला तर ते कधीच मिळालं नाही. म्हणजे जुन्या गाडीचं चाक लॉक होऊ नये म्हणून सांभाळणारं दुसरं काही नाही. शॉकप चांगला असण्याची गरज नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीलाच जास्त आहे. लोकांचा तर्क नेमका याच्या उलट चालतो.

या उड्यांचा पुरावा पाहायला यंत्र लागत नाही. पुढच्या टायरच्या गोटीवरून तळहात फिरवावा. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती वापराची झीज. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील, हात लाटेवरून गेल्यासारखा वाटत असेल, तर बॅलन्सिंग किंवा बेअरिंगच्या बरोबरीनं पहिला संशय शॉकपवर घ्यायला हवा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि सिंदखेड राजाजवळून चढून ताशी १२० च्या मर्यादेच्या रस्त्यावर जाणं या भागातल्या जुन्या व्हॅनलाही शक्य झालं. त्या रस्त्यावरच्या अपघातांनंतर टायरविषयी पुष्कळ बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण टायर खाणाऱ्या स्ट्रटविषयी कुणी बोलत नाही. खळगे पडलेला टायर काढून नवा टाकला आणि स्ट्रट तसाच ठेवला, तर काही महिन्यांत नव्या टायरवरही तेच खळगे उमटतात. टायरच्या जोडीला पैसे आहेत आणि शॉकपच्या जोडीला नाहीत, असं म्हणणारा माणूस टायरच्याच पैशात शॉकपचा खर्च देऊन बसलेला असतो.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप रस्त्यांचा आहे: आमचे रस्तेच असे आहेत, आम्ही चाळीस-पन्नासच्या वर जातच नाही, आम्हाला काय करायचेत चांगले शॉकप? यातला अर्धा भाग खरा आहे. वेग निम्मा केला की गाडीतली ऊर्जा चौथाईवर येते आणि हळू चालवणारा माणूस खरोखर जास्त सुरक्षित असतो. पण चाकाची उडी वेगावर जितकी अवलंबून असते तितकीच रस्त्याच्या पोतावरही असते. हा काळ्या भारी मातीचा मुलूख आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा उंचसखल होतो. कच्च्या पाणंद रस्त्यांवर आडव्या वळ्या पडतात आणि त्या वळ्यांवर तीसच्या वेगालाही चाक थरथरतं. गतिरोधकांचं तर विचारूच नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद पार व्हावी असा त्याचा हिशेब आहे. गावोगावी लोकांनी आपल्या मनानं टाकलेल्या उंचवट्यांना असा उतार नसतोच. तिथं भरलेल्या व्हॅनचा स्ट्रट तळाशी आदळतो. शिवाय हळू चालवण्याचं वचन माणूस रोज पाळू शकत नाही. रात्री अकरा वाजता रुग्णाला घेऊन संभाजीनगरला निघालेली गाडी चाळीसनं जात नाही, आणि अचानक आडव्या आलेल्या म्हशीसाठी ब्रेक वेळ पाहून मारता येत नाही. चांगला शॉकप गुळगुळीत रस्त्यावर चैन ठरेल. आपल्या रस्त्यांवर तो गरज आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यामागे एक जुनं कसब आहे: नवे कशाला, रिपेअर करून, तेल भरून आणतो. एके काळी हे योग्यच होतं. काही जुन्या स्ट्रटच्या तोंडाशी आट्यांचं मोठं नट असायचं. ते उघडून सील, तेल, गरज पडली तर आतलं काडतूस बदलता यायचं. तसा स्ट्रट असेल आणि योग्य सुटे भाग मिळत असतील, तर रिपेअर करणाऱ्या कारागिराला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण आज बाजारात येणारा बहुतेक स्ट्रट तोंड वळवून कायमचा बंद केलेला असतो. तो उघडण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. मग नळीला भोक पाडून किंवा तोंड कापून तेल भरतात आणि वेल्डिंगनं बंद करतात. या कामात काय काय सुटतं ते पाहावं. तेलात बुडबुडे होऊन फेस येऊ नये म्हणून अनेक स्ट्रटमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. नळी कापली की तो गेला आणि पुन्हा भरण्याची सोय तिथं नसते. मूळ तेल किती पातळ होतं हे माहीत नसतं, म्हणून हाताशी असेल ते तेल जातं. वेल्डिंगच्या धगीनं जवळचं रबरी सील कडक होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्या बुशमधून दांडा वरखाली होतो ते झिजलेलं बुश तसंच राहतं. दांड्यावरच्या क्रोमला पडलेले खड्डेही तसेच राहतात आणि नव्या सीलला पुन्हा कापतात. जीपच्या पाट्याशेजारच्या शॉकपमध्ये बुशची झीज थोडी खपून जाते, कारण त्याच्यावर चाक उभं नसतं. मॅकफर्सनच्या स्ट्रटमध्ये ब्रेकचा आणि वळणाचा आडवा ताण त्याच बुशवर येतो. म्हणूनच याचा दांडा साध्या शॉकपच्या दांड्यापेक्षा जाड असतो. तिथं ढिलाई आली की चाकाचा कल डगमगतो. तेल भरून आणलेला स्ट्रट टेबलावर हातानं दाबला तर कडक लागतो आणि ग्राहक समाधानानं पैसे देतो. पण हातानं दाबण्याचा वेग मंद असतो. खड्ड्यात चाक जातं तेव्हाचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो आणि झडपांची खरी परीक्षा तिथं होते. टेबलावरचा कडकपणा फक्त आत जाड तेल आहे एवढंच सांगतो.

‘नवे टाकले तरी सहा महिन्यांत जातात’ हे वाक्य मात्र अनुभवातून आलेलं आहे आणि ते खोटं ठरवता येत नाही. प्रश्न आहे तो का जातात याचा. याचं उत्तर बहुतेक वेळा स्ट्रटमध्ये नसतं, तो बसवण्याच्या पद्धतीत असतं. दांड्यावर रबरी भात्यासारखं डस्ट कव्हर असतं आणि त्याच्या आत धक्का झेलणारा बंप स्टॉपर. जुन्या गाडीत कव्हर फाटलेलं आणि स्टॉपरचा भुगा झालेला असतो. शंभर-दोनशे रुपये वाचवायचे म्हणून तेच जुने अवशेष नव्या दांड्यावर चढवले जातात, किंवा काहीच चढवलं जात नाही. मग मुरमाची आणि खडीची बारीक धूळ तेलकट दांड्याला चिकटते, प्रत्येक हालचालीत सीलवर घासते आणि काही महिन्यांत तेल वाहायला लागतं. स्टॉपर नसला की भरलेली गाडी गतिरोधकावर आदळताना लोखंडावर लोखंड बसतं. वरचं नट आवळताना दांडा सोबत फिरतो, म्हणून त्याला पकड लावून धरला जातो. पकडीच्या दातांचा ओरखडा क्रोमवर उठला की तो ओरखडा सीलमधून हजारो वेळा जाणार हे ठरलंच. नवा स्ट्रट दुकानात आडवा पडून असतो, त्यात आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढायची असते. घाईत ते राहून जातं. आणि वरचं माउंटिंग व बेअरिंग जुनंच ठेवलं जातं. झिजलेल्या बेअरिंगवर नवा स्ट्रट बसवला की स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून ‘कट्’ असा आवाज करत सुटते, आणि गाडीवाला म्हणतो की नव्या शॉकपचाही आवाज येतो. दोष मालावर जातो आणि ‘नवे टिकत नाहीत’ या समजाला आणखी एक साक्षीदार मिळतो. स्ट्रटची जोडी, दोन्ही माउंटिंग-बेअरिंग, दोन्ही कव्हर आणि दोन्ही स्टॉपर हा एकच संच मानून बदलला, तर तो सहा महिन्यांत जाण्याचं कारण सहसा उरत नाही.

जोडी म्हटली की काटकसरीचा तिसरा सूर लागतो: डावा गळतोय, उजवा कोरडा आहे, मग एकच बदला. दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच ओझ्याखाली तितकेच किलोमीटर चाललेले असतात. कोरडा म्हणजे चांगला, असं नसतं. आतल्या झडपा बाहेरून दिसत नाहीत. एक नवा आणि एक थकलेला असला की ब्रेक मारताना एका बाजूचं चाक रस्त्याला चिकटून राहतं आणि दुसरं थरथरतं. गाडी एका अंगाला ओढते ती नेमकी तिथून. आणि जोडी बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करायलाच हवं, कारण स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला जोडलेला असतो ते सोडवून पुन्हा आवळले की चाकाचा कल थोडा बदलतो. गावात अलाइनमेंटचं यंत्र नसेल तर जालना फार लांब नाही. इथं तरी हात आखडू नये.

एक इशारा गॅरेजवाल्यांसाठी, आणि तो मी त्यांच्या काळजीनंच देतो आहे. स्प्रिंग स्ट्रटवर दाबून बसवलेली असते. योग्य कॉम्प्रेसर न लावता, तारेनं किंवा दोरीनं बांधून वरचं नट सोडणं म्हणजे दाबलेलं बळ मोकळं सोडणं. ती स्प्रिंग सुटून आली तर हाताचं किंवा चेहऱ्याचं हाड मोडू शकते. कॉम्प्रेसर नसेल तर ते काम नाकारण्यात कमीपणा नाही, आणि गाडीवाल्यानंही तो नकार मान्य करावा.

याच्या उलट टोकाची चूकही आहे आणि मी तिची बाजू घेत नाही. समोरून खडखड आवाज आला की लगेच ‘शॉकप गेले’ म्हणून बिल फाडणं हा निदान न करता औषध देण्याचा प्रकार आहे. जुन्या व्हॅनच्या पुढच्या आवाजामागे लोअर आर्मचं बुश असू शकतं, बॉल जॉइंट असू शकतो, वरचं माउंटिंग असू शकतं. एखाद्या गाडीत तर नुसता सैल बोल्ट. काही उत्पादक ८० हजार किलोमीटरनंतर तपासणीचा आकडा सांगतात. तो बदलण्याचा हुकूम समजू नये आणि चुकवण्याची सबबही समजू नये. दांड्याजवळ तेलाचा पुसट ओलावा असणं नैसर्गिक आहे. नळीवरून ओघळ आलेला असेल तर सील गेलं. बोनेटवर जोर देऊन गाडी डुलवण्याची परीक्षा सगळे करतात, पण ती फक्त पूर्ण मेलेला शॉकप पकडते. निम्मा थकलेला तिच्यातून सहीसलामत सुटतो. म्हणून टायरचे खळगे, ब्रेक मारल्यावर नाकाचं जास्त खाली जाणं, वळणावर गाडीचं उशिरानं सावरणं आणि ओघळ, या खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

आणि ‘पासिंग झालंय ना’ या शेवटच्या ढालीबद्दल. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावी लागते. घरगुती पाटीच्या गाडीला मात्र नोंदणीची १५ वर्षं संपेपर्यंत असं काहीच नसतं. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. म्हणजे ज्या काळात स्ट्रट एकदा, कदाचित दोनदा संपतो, त्या संपूर्ण काळात सरकारचा कुणीही माणूस त्याच्याकडे पाहत नाही. कागद खरा असतो, पण तो स्ट्रटबद्दल काही सांगत नाही. घरच्या व्हॅनची तपासणी घरच्यांनीच करायची आहे.

राहिला गाडीच्या किमतीचा मुद्दा. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. जुन्या ओम्नीला विकायला नेलं तर हाती फारसं काही येत नाही, हे खरं. पण शॉकपचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहणं हाच हिशेब चुकीचा मांडलेला आहे. इकोचं स्वतःचं वजन नऊशे किलोंच्या पुढे आहे. सात माणसं सरासरी ६० किलोंची धरली तर ४२० किलो होतात. गाडी कितीही स्वस्त झाली तरी हे ४२० किलो स्वस्त होत नाहीत.

ज्याला हे पटलेलं नसेल त्यानं एकच करावं. पुढच्या वेळी स्ट्रट बदलले जातील तेव्हा काढलेला जुना स्ट्रट गॅरेजवाल्याकडून मागून घ्यावा, शेजारी नवा उभा करावा आणि दोन्हींचे दांडे तळहातानं खाली दाबावेत. गॅस भरलेल्या नव्या स्ट्रटचा दांडा सावकाश, अडखळत आत जातो आणि हात काढला की हळूहळू आपला आपण वर येतो. जुना कधी सुरुवातीची काही बोटं रिकामाच खाली सरकतो, कधी आत जाऊन तिथंच बसून राहतो. मग जुना दांडा वर ओढून आडवा हलवून पाहावा. तोंडाशी जी डुगडुग हाताला जाणवेल, तिच्यावर आदल्या दिवसापर्यंत घरातली सगळी माणसं प्रवास करत होती.